सीसीटीव्हीचे चित्रण संगणकावर पाहताना

सोसायटीच्या आवारातून रात्री दुचाकी चोरीला गेली, की सकाळी सर्वांची नजर प्रवेशद्वारावरच्या कॅमेऱ्याकडे वळते. कॅमेरा चालू असतो, यंत्रात चित्रणही झालेले असते. सचिव ते पेन ड्राइव्हवर उतरवून घेतात, घरच्या संगणकाला जोडतात आणि पडद्यावर 'ही फाइल उघडता येत नाही' एवढाच संदेश उमटतो. यंत्रणा बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाला फोन केला जातो. तो आठवड्याने येतो. तोपर्यंत यंत्राने त्या रात्रीच्या चित्रणावर नवे चित्रण करून टाकलेले असते.

असा अनुभव अनेक सोसायट्यांना आणि दुकानदारांना येतो. कॅमेरे कोठे व किती बसवावेत याची चर्चा सर्वसाधारण सभेत तासभर चालते. मात्र साठवलेले चित्रण वेळ आली तर कोण, कसे आणि कशावर पाहणार, याचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः चित्रण होणे ही निम्मीच गोष्ट आहे. ते मुदतीत बाहेर काढणे, संगणकावर नीट पाहता येणे आणि गरज पडल्यास न्यायालयात टिकणे, हे सर्व साधले तरच कॅमेऱ्यावरचा खर्च सार्थकी लागतो.

चित्रण साठते कसे?

सीसीटीव्हीचे चित्रण पूर्वी व्हिडिओ टेपवर होत असे. टेप संपली की ती बदलायची किंवा पुन्हा पहिल्यापासून वापरायची, अशी ती पद्धत होती. आता टेपची जागा हार्ड डिस्कने घेतली आहे. साध्या केबलच्या कॅमेऱ्यांना जोडलेल्या यंत्राला डीव्हीआर, म्हणजे डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर म्हणतात. नेटवर्कवरून चालणाऱ्या आयपी कॅमेऱ्यांसाठी एनव्हीआर, म्हणजे नेटवर्क व्हिडिओ रेकॉर्डर असतो. घरगुती वाय-फाय कॅमेऱ्यात बहुधा छोटे मेमरी कार्डच हे काम करते.

कॅमेऱ्यातून येणारे चित्र जसेच्या तसे साठवले, तर कोणतीही डिस्क पाहता पाहता भरून जाईल. म्हणून ते आकुंचित केले जाते. त्यासाठी २००३ मध्ये मान्यता मिळालेले एच. २६४ आणि २०१३ मध्ये आलेले एच. २६५ ही दोन मानके प्रामुख्याने वापरली जातात. दोन्हींचे मूळ तत्त्व सारखेच आहे. ठरावीक अंतराने एक संपूर्ण चित्र साठवायचे आणि मधल्या चित्रांत आधीच्या तुलनेत जो बदल झाला असेल तेवढाच नोंदवायचा. एच. २६५ मध्ये त्याच दर्जाचे चित्र कमी जागेत मावते; परंतु ते उलगडण्यासाठी संगणकाला अधिक श्रम पडतात. जुन्या संगणकावर असे चित्रण अडखळत चालते ते यामुळेच. यात फाइलचा दोष नसतो.

किती दिवस टिकते?

डिस्क भरली, की यंत्र सर्वांत जुन्या चित्रणावर नवे चित्रण करू लागते. ही मुदत किती, याचा हिशेब साधा आहे. एका कॅमेऱ्याचे चित्रण सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने होत असेल, तर तासाला ९०० मेगाबाइट, म्हणजेच दिवसाला २१.६ गिगाबाइट जागा लागते. असे ४ कॅमेरे असतील, तर १ टेराबाइटची डिस्क सुमारे साडेअकरा दिवसांत भरते. ८ कॅमेरे असतील, तर ६ दिवसही पुरत नाहीत. चित्राचा दर्जा वाढवून वेग ४ मेगाबिट केला, तर ही मुदत निम्म्यावर येते.

तुलनेसाठी एक दाखला देता येईल. पोलीस ठाण्यांतील कॅमेऱ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी दिलेल्या निकालात चित्रण १८ महिने जपण्याचे आणि तेवढी क्षमता उपलब्ध नसल्यास किमान वर्षभर तरी टिकवण्याचे निर्देश दिले होते. त्यापुढे सोसायटीचे ११ दिवस म्हणजे काहीच नव्हेत. चोरी, अपघात किंवा मारहाणीची घटना लक्षात आल्यावर पहिले काम चित्रण उतरवून घेण्याचे असावे, ते यासाठी. मुदत अगदीच जवळ आली असेल आणि पेन ड्राइव्ह हाताशी नसेल, तर यंत्र मेनूतून रीतसर बंद करून ठेवावे. त्याने पुढचे चित्रण थांबते हे खरे, पण जुने पुसले जाणेही थांबते. काही यंत्रांत ठरावीक वेळेचे चित्रण 'लॉक' करण्याची सोय असते. ती असल्यास यंत्र बंद करण्याचीही गरज पडत नाही.

यंत्रातून बाहेर काढताना

यंत्राच्या मेनूत 'बॅकअप' किंवा 'एक्स्पोर्ट' असा पर्याय असतो. तेथे कॅमेरा, तारीख आणि वेळ निवडून चित्रण पेन ड्राइव्हवर घेता येते. बरीच यंत्रे केवळ फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह ओळखतात; म्हणून ३२ गिगाबाइटपर्यंतचा, रिकामा आणि याच पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह यंत्राजवळ ठेवणे सोयीचे. फॅट ३२ मध्ये ४ गिगाबाइटहून मोठी फाइल मावत नाही. त्यामुळे लांबलचक चित्रण एकाच फाइलमध्ये घेण्याऐवजी तासातासाचे तुकडे करावेत.

वेळ निवडताना घटनेच्या अलीकडे व पलीकडे किमान १५ ते ३० मिनिटांचे चित्रण घ्यावे. चोर आवारात शिरला कधी, कोणत्या बाजूने गेला, त्याच्यासोबत आणखी कोण होते, हे बहुधा या आगेमागेच्या चित्रणातून उलगडते. एकाच कॅमेऱ्यावर न थांबता त्या वेळेचे सर्व कॅमेऱ्यांचे चित्रण घेतलेले बरे.

मोबाइलवरील अॅपमधून चित्रण उतरवून घेण्याची सोयही असते. मात्र बहुतेक यंत्रे एकाच वेळी दोन प्रकारचे चित्र तयार करतात. मुख्य चित्र पूर्ण दर्जाचे असते, तर मोबाइलसाठीचे दुय्यम चित्र कमी दर्जाचे असते. अॅपमधून घेतलेली फाइल या दुय्यम चित्राची असेल, तर मूळ १९२० बाय १०८० बिंदूंच्या चित्राऐवजी ३५२ बाय २८८ बिंदूंचे चित्र हाती येऊ शकते. त्यात गाडीचा क्रमांक वाचता येणे कठीण. यंत्राच्या पडद्यावर चाललेले दृश्य मोबाइलने टिपणे आणि तेच व्हॉट्सअॅपवरून पुढे पाठवणे, हा तर सर्वांत निकृष्ट मार्ग. कारण दोन्ही टप्प्यांवर बारकावे नष्ट होतात.

अनेकदा उत्साही मंडळी यंत्रातील हार्ड डिस्कच काढून संगणकाला जोडतात. तसे करू नये. या यंत्रांत डिस्कवरील मांडणी बहुधा विंडोजला न समजणारी असते. त्यामुळे ती डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, अशी सूचना संगणक देतो. त्या सूचनेला होकार दिला, तर चित्रण हातचे जाण्याचा धोका असतो.

फाइल का उघडत नाही?

व्हिडिओ फाइलचे दोन भाग समजून घ्यायला हवेत. चित्र कोणत्या पद्धतीने आकुंचित केले आहे, हा एक भाग. ते चित्र, आवाज आणि वेळेची नोंद कोणत्या वेष्टनात बांधली आहे, हा दुसरा. एमपी ४ व एव्हीआय ही सर्वपरिचित वेष्टने होत. सीसीटीव्ही यंत्रांचे उत्पादक मात्र बरेचदा स्वतःचे वेगळे वेष्टन वापरतात. दाहुआ कंपनीच्या आणि तिच्या तंत्रावर बेतलेल्या यंत्रांतून निघणाऱ्या फायलींच्या नावाचा शेवट 'डीएव्ही' असा असतो. काही यंत्रांतून 'एच २६४' किंवा नुसते '२६४' अशा शेवटाच्या फायली मिळतात. हिकव्हिजनच्या यंत्रांतील फायलींच्या नावापुढे 'एमपी ४' असे लिहिलेले असले, तरी आतील वेष्टन अनेकदा त्याहून निराळे असते. आतले चित्र बहुतेक वेळा नेहमीच्याच एच. २६४ किंवा एच. २६५ पद्धतीचे असते. संगणक अडखळतो तो वेष्टनापाशी.

म्हणूनच फाइलच्या नावाचा शेवट बदलून एमपी ४ केल्याने काम भागतेच असे नाही. पाकिटावरचा पत्ता बदलला म्हणून आतले पत्र बदलत नाही.

एच. २६५ बाबत आणखी एक अडचण येते. विंडोज १० आणि ११ मधील मूळ व्हिडिओ प्लेअरला हे चित्र दाखवण्यासाठी वेगळे एक्स्टेंशन बसवावे लागते. ते नसेल, तर पडदा काळा राहतो. यंत्राच्या सेटिंगमध्ये एच. २६५ ऐवजी एच. २६४ निवडणे हा त्यावरचा मार्ग आहे. पण तो पुढच्या चित्रणालाच लागू होतो. झालेल्या चित्रणासाठी प्लेअरच बदलावा लागतो.

उपाय कोणते?

पहिला आणि सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे उत्पादकाचा स्वतःचा प्लेअर. चित्रण उतरवून घेताना अनेक यंत्रे तो पेन ड्राइव्हवर आपोआप ठेवतात किंवा तसा पर्याय विचारतात. दाहुआचा 'स्मार्ट प्लेअर' आणि हिकव्हिजनचा 'व्हीएस प्लेअर' ही त्याची उदाहरणे. असा प्लेअर उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. अनोळखी संकेतस्थळांवर 'सीसीटीव्ही प्लेअर' या नावाने मिळणाऱ्या प्रोग्रॅमबरोबर व्हायरस येण्याचा धोका असतो.

दुसरा उपाय व्हीएलसी मीडिया प्लेअरचा. पॅरिसमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निर्माण झालेला हा प्लेअर २००१ पासून मुक्त परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध आहे. एच. २६४ आणि एच. २६५ या दोन्ही पद्धती उलगडण्याची सोय त्यात अंगभूतच असते. फाइल सरळ उघडली नाही, तर 'टूल्स' मेनूतील 'प्रेफरन्सेस'मध्ये जाऊन सर्व सेटिंग दाखवण्याचा पर्याय निवडावा. तेथे 'इनपुट / कोडेक्स'खाली 'डीमक्सर्स' हा विभाग आहे. त्यात एच २६४ व्हिडिओ डीमक्सर निवडला, की अनेक हट्टी फायली चालू लागतात. काम झाल्यावर हे सेटिंग पूर्ववत करण्यास विसरू नये. अन्यथा नेहमीचे व्हिडिओ उघडेनासे होतात.

अशा फायलीत कधी कधी वेळेची नोंदच नसते. मग प्लेअर आपल्या अंदाजाने वेग ठरवतो. सेकंदाला १५ चित्रे या वेगाने झालेले एका मिनिटाचे चित्रण प्लेअरने सेकंदाला २५ चित्रे धरून दाखवले, तर ते ३६ सेकंदांतच संपते. माणसे घाईघाईने चालताना आणि वाहने भरधाव धावताना दिसतात. अपघाताच्या चित्रणात वाहनाचा वेग डोळ्यांनी ठरवण्यापूर्वी ही शक्यता तपासावी. चित्राच्या कोपऱ्यात छापली जाणारी वेळ घड्याळाशी ताडून पाहिली, की खरे काय ते कळते.

तिसरा उपाय वेष्टन बदलण्याचा. एफएफएमपेग हे विनामूल्य साधन चित्राला हात न लावता ते डीएव्हीसारख्या वेष्टनातून काढून एमपी ४ मध्ये ठेवू शकते. यात चित्र पुन्हा आकुंचित होत नाही. त्यामुळे दर्जा घटत नाही आणि तासाभराची फाइलही झटकन तयार होते. याउलट 'कन्व्हर्टर' म्हणून मिळणारी अनेक साधने चित्र पुन्हा आकुंचित करतात आणि दर वेळी थोडे बारकावे कमी होतात. बदललेली फाइल पाहण्याच्या सोयीसाठी वापरावी. मूळ फाइल मात्र जशीच्या तशी जपावी.

नेमके दृश्य शोधताना

व्हीएलसीत चित्रण थांबवून 'ई' हे बटण दाबले, की एकेक चित्र पुढे सरकते. धावत्या गाडीचा क्रमांक एखाद्याच चित्रात स्पष्ट आलेला असू शकतो. तो असाच सापडतो. 'शिफ्ट' व 'एस' ही बटणे एकत्र दाबली, की समोरचे चित्र छायाचित्र म्हणून साठवले जाते. जुन्या यंत्रांतील चित्रणात हलत्या वस्तूंच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात. तेव्हा 'व्हिडिओ' मेनूतील 'डीइंटरलेस' पर्याय चालू करावा.

मागे जाताना चित्र उड्या मारते, त्याचे कारण वर सांगितलेल्या साठवण्याच्या पद्धतीत आहे. मधल्या चित्रांत केवळ बदलांची नोंद असल्याने प्लेअरला आधीच्या पूर्ण चित्रापासून सुरुवात करावी लागते. चित्रणात मधेच काही मिनिटे गायब दिसली, तर लगेच संशय घेण्याचे कारण नाही. हालचाल असतानाच चित्रण करण्याचे सेटिंग असेल, तर असे खंड पडणारच.

चित्र मोठे करण्यालाही मर्यादा आहे. चित्रपटांत दाखवतात तसा धूसर चेहरा बटण दाबून स्पष्ट होत नाही. कॅमेऱ्याने जे टिपलेच नाही, ते कोणताही प्लेअर नव्याने निर्माण करू शकत नाही.

घड्याळ चुकले तर?

चित्रणाइतकीच त्यावरची वेळ महत्त्वाची असते आणि नेमकी तीच अनेकदा चुकलेली असते. यंत्राचे घड्याळ हळूहळू मागे-पुढे होते. आतील छोटी बॅटरी संपली, तर वीज गेल्यावर तारीखच बदलते. यंत्र चीनच्या प्रमाणवेळेवर राहिले असेल, तर चित्रणावरची वेळ भारतीय वेळेपेक्षा अडीच तास पुढे दिसते. रात्री साडेअकराची घटना मग दुसऱ्या दिवशीच्या पहाटे दोन वाजताची म्हणून शोधावी लागते.

अशा वेळी घड्याळ लगेच दुरुस्त करू नये. यंत्राच्या पडद्यावरील वेळ आणि अचूक वेळ दाखवणारे मोबाइलचे घड्याळ, दोन्ही एकाच छायाचित्रात टिपून घ्यावीत, फरक कागदावर लिहावा, चित्रण उतरवून घ्यावे आणि मगच घड्याळ लावावे. इंटरनेटला जोडलेल्या यंत्रात एनटीपी हे सेटिंग चालू ठेवले, तर वेळ आपोआप अचूक राहते.

पुरावा म्हणून चित्रण

चित्रणावरून एखादी आमदारकी रद्द होऊ शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. पराभूत उमेदवार कैलाश गोरंट्याल यांनी निवडणुकीला आव्हान दिले. खोतकर यांनी उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीनंतर दाखल केला, हा त्यातील मुख्य आक्षेप होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रण या वादात निर्णायक ठरले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी त्यावर शिक्कामोर्तब केले.

याच निकालाने डिजिटल पुराव्याचा नियमही पक्का केला. मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही. मात्र सीडी किंवा पेन ड्राइव्हवरील प्रत द्यायची असेल, तर पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब नुसार प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. जालन्याच्या प्रकरणात अर्जदारांनी वारंवार मागणी करूनही अधिकाऱ्यांनी ते दिले नव्हते. आपल्या हातात होते ते सर्व त्यांनी केले असल्याने प्रमाणपत्राची अट तेवढ्यापुरती शिथिल झाली.

१ जुलै २०२४ पासून भारतीय पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली असून, हा विषय आता त्याच्या कलम ६३ खाली येतो. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. पहिला पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. त्यात फाइलची हॅश किंमतही नोंदवावी लागते. हॅश म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेली खूण. एसएचए २५६ पद्धतीत ती ६४ अक्षर-अंकांची असते. फाइलमध्ये किंचितही बदल झाला, तर ही खूण पूर्णपणे बदलते. विंडोजमधील 'सर्टयूटिल' या आज्ञेने ती घरच्या संगणकावरही काढता येते. त्यामुळे चित्रण उतरवल्याबरोबर हॅश काढून तारखेसह लिहून ठेवावी. पुढे कोणी 'फाइलमध्ये फेरफार केला' असा आरोप केला, तर ही नोंद उपयोगी पडते.

थोडक्यात

घटना घडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीच एक रंगीत तालीम करणे चांगले. महिन्यातून एकदा कोणत्याही कॅमेऱ्याचे दहा मिनिटांचे चित्रण पेन ड्राइव्हवर घ्यावे, संगणकावर उघडून पाहावे, वेळ बरोबर आहे का ते तपासावे आणि सर्वांत जुने चित्रण कोणत्या तारखेचे आहे ते वहीत नोंदवावे. यंत्राचा पासवर्ड किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे असावा. प्रत्यक्ष घटनेनंतर मूळ फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, तिसरी पाहण्यासाठी वापरावी आणि पोलिसांना प्रत देताना पोच घ्यावी. चित्रण समाजमाध्यमांवर पसरवण्याचा मोह टाळावा. त्यात दिसणारा प्रत्येक जण गुन्हेगार नसतो.

या सगळ्याला महिन्याकाठी अर्धा तास पुरतो. तो दिला नाही, तर प्रवेशद्वारावरचा कॅमेरा रात्रंदिवस जागा राहूनही ऐन वेळी त्याची साक्ष उपलब्ध नसते.